साक्षीदाराची कुजबुज

बाबा, खून कुणी केला हे सगळ्या देशाला माहीत असेल आणि बोलायची कुणालाच मुभा नसेल, तर गुप्तहेराने शोधायचं काय? वर्षभर मी एक रहस्यकथा लिहितेय, पण याचं उत्तर मला येत नाही. तुम्ही ग्रंथालयातून आणायचात तशीच कथा, फक्त देश वेगळा. तिथे प्रत्येक खोलीत एकाच माणसाचा फोटो लागतो, शेजारी शेजाऱ्यावर पाळत ठेवतो आणि वर्तमानपत्रात कधी गुन्हाच नसतो. एका कापड गिरणीत कामगार मरतो. माझ्या इन्स्पेक्टरला साठाव्या पानावरच सगळं कळतं, आणि उरलेली पानं तो ते कळल्याच्या भीतीत काढतो. कॉलेजातल्या माझ्या जुन्या मॅडमनी वाचून विचारलं, "तो देश तू पाहिलेला नाहीस. मग ही भीती कुठून आणलीस?" मी हसून विषय बदलला. ती मी आपल्या स्वयंपाकघरातून आणली होती.

आठवा, मी सातवीत आहे. तुम्ही यंत्रमागावरची दिवसपाळी संपवून चपला न काढताच आत येता. आई भाकरी थापतेय. "हळूच सांगतो," म्हणता, आणि सांगता की शेजारच्या लूमवरचा तुमचा सोबती शॉक लागून गेला. उघड्या वायरीबद्दल त्याने दोनदा तक्रार केली होती. शेठच्या माणसांनी त्याला उचलून बाहेर रस्त्याकडेला नेऊन ठेवलं, फीट येऊन मेला असं दाखवायला. तुम्हाला वाटतं, तुम्ही कुजबुजताय. वीस वर्षं लूमच्या खडखडाटात ओरडून बोललेला माणूस, त्यात कानही गेलेले. तुमची कुजबुज अख्ख्या चाळीला ऐकू जायची. समोरच्या मावशी एरवी म्हणायच्या, "भावोजी, तुमचं गुपित माझ्या डाळीला पण ठाऊक हाय!" त्या दिवशी त्यांनी दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मुकादम आला. आईने खुर्ची पुढे केली, तो बसला नाही. "सुना है तूने कुछ देखा?" मग माझ्या दप्तराकडे बघून, "लड़की पढ़ती है ना? अच्छा है." तुम्ही म्हणालात, "नहीं मुकादम साब, मैं चाय पीने गया था." चार दिवसांनी त्या सोबत्याची बायको आली. "भावोजी, तुमी व्हतात ना तिथं?" तुम्ही खाली बघून, आणि या वेळी खरंच हळू, म्हणालात, "न्हाय वहिनी." मी मागून "पण बाबा..." म्हटलं, तर आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही माझ्यावर हात उगारलात. मारलं नाहीत. त्यानंतर एकही रहस्यकथा घरात आणली नाहीत.

कॉलेजात असताना मी तुम्हाला मनातल्या मनात भित्रे म्हणत असे. आता वाटतं, घरातली पहिली पदवी, माझी, तुमच्या त्या 'न्हाय'वर उभी आहे. तुमचा मुलगा आज त्याच शेठच्या गोदामात कामाला आहे. आई म्हणते, "भावाचं काम घालवशील. जे काय हाय ते तुझ्या परक्या देशातच ठेव." मीही तेच ठरवलं होतं. पण माझा इन्स्पेक्टर शेवटच्या पानावर गप्प बसला, आणि मला त्याची किळस आली.

परवा एसटीने पडघ्याला गेले. काकू, तुमच्या त्या सोबत्याच्या पत्नी, आता तिथे बहिणीकडे राहतात. हस्तलिखित नेलं नव्हतं. वायर, रस्ता, तुम्ही जे पाहिलंत ते, तुमच्या नावासकट सांगितलं. त्यांनी विचारलं, "पाणी तरी दिलं व्हतं का गं कुणी त्यांना?" ते तुम्ही कधी सांगितलं नव्हतंत, आणि आता विचारायला तुम्ही उरला नाहीत. मग म्हणाल्या, "लिवून देशील?"

तेव्हापासून चाळीत कुणी अनोळखी शिरलं तरी मी दार लावून घेते. आईला अजून सांगितलेलं नाही, भावालाही नाही. तुम्हाला मात्र सांगते: बाबांच्या तोंडून मी हे स्वतः ऐकलं, असं मी लिहून दिलं, आणि खाली पूर्ण नाव आणि पत्ता घालून सही केली.