खंडेनवमीले कॉम्प्युटर आराम करत होते

तीर्थरूप शालिग्राम मामाच्या पायावर रायपूरहून भाचा निरंजन याचं डोकं. (आत काही नसलं तरी टेकवून राहिलो, गोड मानून घ्या.)

मामा, तुमचा गुडघा कसा आहे, वर्ध्यात थंडी पडली का, हे सगळं विचारायचं आहे, पण पहिले एक कबूल करून टाकतो, नाहीतर लिहिता लिहिता माही हिंमत जाईन. मी देवयानीताईले आईची खोटी शपथ खाल्ली. (आई ठणठणीत आहे, आता तिकडं वांगं भाजून राहिली, म्हणजे शपथ लागली नाही असं धरून चला.) अन् शपथ तरी कशाची, तर जे मी केलंच नव्हतं ते मीच केलं म्हणून. दुनिया केलेलं लपवासाठी शपथ खाते, तुमचा भाचा न केलेलं आपल्या नावावर चढवून घ्यासाठी खाते. हे फोनवर सांगतलं असतं, पण आता माहा फोनवरून भरोसाच उठला. पोस्टाचं पाकीट फोडाले चोराले वर्ध्यापर्यंत यावं लागन, अन् तुमच्या गल्लीतले कुत्रे कसे आहेत ते मले माहीत आहे. तर गुडघ्याचं सांभाळा, तेल लावत जा, थंडीचं कळवा, अन् आता ऐका.

बी.कॉम.नं मले दुसऱ्यांदा वापस पाठवलं तवापासून मी ‘बाशिंग ऑनलाईन’मध्ये लागलो. तुमाले कशाले माहीत असन म्हणून सांगतो. ब्राह्मणपाऱ्यात (पारा म्हणजे इकडचा मोहल्ला) आमचे मालक उदयभैया यायच्या घराच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. रायपूर, दुर्ग, बिलासपूरचे आपले विदर्भाकडचे लोकं पोट्ट्यापोट्टीचे बायोडाटे आमच्याकडं देतात, आम्ही ते इंटरनेटवर चढवतो. लोकायले स्वतः चढवता येत नाही, ते कागद घेऊन येतात, चहा पेतात, अन् मी बसून टायपिंग करतो. त्याच्यात एक ‘खासगी’ म्हणून खाना आहे, तो कोणाले दिसत नाही. खरी जन्मवेळ, खरं वय, मोडलेली सोयरीक, पोरगा कधीमधी घेते का नाही, जे लोकं देवाले सांगत नाही ते आमाले सांगतात. कारण आपल्या इकडं लग्न जमवणाऱ्यापासून लपवणं म्हणजे डॉक्टरपासून पोट लपवणं. एवढी नाजूक दौलत, अन् तिची राखण कराले एकटी देवयानीताई. दुर्गची आहे, इंजिनिअर आहे, अन् ऑफिसात फक्त तिलेच समजते की आत काय चालून राहिलं. बाकीच्यायले फक्त पंखा चालून राहिला एवढं समजते.

ताई दोन-तीन महिन्यापासून उदयभैयाच्या मागं लागली होती की दरवाजाले भोक पडलं आहे, मले एक दिवस काम बंद करून बुजवू द्या. (कॉम्प्युटरचा दरवाजा. मले पहिले वाटलं जिन्याचा, मी सुताराले बोलावूनही आणलं.) भैया म्हणत राहिले, लग्नाचा सीझन होऊ दे, पितृपक्ष होऊ दे. शेवटी ठरलं, खंडेनवमीले तसंही काम बंद, त्या दिवशी कर. पण खंडेनवमी म्हणलं की बाबाराव आजोबा आले. हे भैयाचे वडील, रेल्वेतून रिटायर झाले, पण शिट्टी अजून त्यायच्याच हातात आहे. त्यायनं सकाळी सगळे कॉम्प्युटर पुसले, हळदकुंकू लावलं, झेंडूचे हार घातले, नारळ फोडला, अन् हुकूम सोडला: आज अवजाराची पूजा झाली, उद्या दसऱ्याची उत्तरपूजा होईपर्यंत कोणी हात लावायचा नाही, त्यायले आराम पाहिजे. ताईनं लई समजावलं. म्हणे, आजोबा, मी काम नाही करून राहिली, मी त्यायचीच मलमपट्टी करून राहिली. आजोबा म्हणे, मलमपट्टी परवा. ताईनं पिशवी उचलली अन् सणाले दुर्गले चालली गेली. कॉम्प्युटर मात्र चालूच राहिले, कारण बंद केले तर बायोडाटे दिसत नाही, अन् सणाच्या दिवशीच लोकं जास्त पाहतात.

दुपारी भैयाच्या बायको, विनोदिनी वहिनी, नैवेद्य घेऊन वर आल्या, तर सगळ्या स्क्रीन काळ्या, त्याच्यावर दात काढून हसणारी कवटी, अन् खाली लाल अक्षरात इंग्रजी. कवटीच्या गळ्यात झेंडूचा हार. वहिनी पहिले दचकल्या, मग माह्याकडं पाहून हसत सुटल्या. आता याच्यात माहाही थोडा इतिहास आहे, मामा. मागच्या वर्षी मी मस्करीत उदयभैयाचा बायोडाटा ‘वधू पाहिजे’मध्ये चढवला होता, अन् दुर्गच्या एका घरचा फोन वहिनीनंच उचलला होता. त्यामुळं ऑफिसात उंदीर मेला तरी पहिले माह्याकडं पाहतात. वहिनी म्हणे, सणाच्या दिवशीही सोडलं नाही का रे? भैयानं फोटो काढून ग्रुपवर टाकला. आजोबा म्हणे, कवटी बरी काढली पोट्ट्यानं. मी नुसता हसलो. हसणं काही खोटं बोलणं नाही, हसण्याले भाषा नसते. वहिनीनं माह्या पानावर एक पुरणपोळी जास्तीची वाढली, वरून तुपाची धार. अन् एकाच्याही डोक्यात आलं नाही की एवढं शुद्ध इंग्रजी या पोट्ट्याले येणार कुठून.

तेवढ्यात देवयानीताईचा फोन आला, तिनं ग्रुपवर फोटो पाहिला होता. एकदम हळू आवाजात म्हणे, “निरंजन, खरं सांग. हे तुहं नसन तर मी आत्ता निघते, अन् तू खाली जाऊन मेन स्विच पाड.” मी विचार केला, मेन स्विच पाडला तर आजोबाच्या अवजाराची झोप मोडते, टीव्हीवरची त्यायची मॅच बंद होते, अन् मी केलं नाही म्हणलं तर पोळी वापस द्यावी लागते. अन् माह्या मनानं, ती कवटी कोण्या जाहिरातीची असन, जाईन आपोआप. म्हणून मी म्हणलं, “आईची शपथ ताई, मीच केलं.” ती म्हणे, “नालायका,” अन् हसली. तिचं ते सुटल्यावाणी हसणं मामा, माह्या कानातून अजून गेलं नाही.

दसऱ्यानंतर लोकायले फोन येणं सुरू झालं. कोणी एक शास्त्रीबुवा. जन्मवेळ सांगे, गोत्र सांगे, कोणत्या साली सोयरीक मोडली तेही सांगे, मग म्हणे, दोष आहे, शांती करा लागन, दक्षिणा ऑनलाईन टाका. पुरानी बस्तीच्या कुसुमकाकू तर धन्य झाल्या. त्या ऑफिसात पेढे घेऊन आल्या की एवढा ज्ञानी ब्राह्मण रायपुरात आजपर्यंत झालाच नाही. आम्ही सांगतलं की काकू, तो चोर आहे, ती कवटीही त्याचीच होती, आमच्याच कॉम्प्युटरातलं चोरून तुमाले सांगून राहिला. त्या म्हणे, चोराले माह्या पोरीचा मंगळ कसा समजन? पैसे मात्र त्यायचे वाचले. त्यायचं म्हणणं, दक्षिणा पानसुपारीवर ठेवून हातातच द्यावी लागते, तुम्ही घरी या, बुंदीचे लाडू करून ठेवते. बुवा आले नाही. सगळ्याच घरी असं हसण्यावारी गेलं नाही पण. आमच्याकडं नाव नोंदवलेल्या राधिकाचे वडील आले, उभेच राहिले. म्हणे, माह्या पोरीचं मोडलेलं मी फक्त तुमाले सांगतलं होतं. अन् चालले गेले. त्यायच्यासाठी आणलेला चहा मी तसाच वापस नेला.

मग सुरू झालं की चूक कोणाची. खरं पाहिलं तर ज्यानं चोरी केली त्याची. पण तो कुठं बसला आहे भगवान जाणे, पोलिसात रिपोर्ट लिहिली, साहेब म्हणे शोध चालू आहे. अन् चोर हातात येत नाही तवा लोकायले जवळचा कोणीतरी धराच लागते, खाली हातानं घरी कसं जाणार? उदयभैयानं रविवारी मराठी मंडळाच्या हॉलमध्ये सगळ्या घरच्यायले बोलावलं, अन् आदल्या दिवशी आमच्यापुढं बोलून गेले की देवयानीचं नाव सांगू अन् तिले काढू, राखण तिचं काम होतं, सणाले घरी काहून गेली? कवटी पाहून आपण शांत काहून राहिलो हे ताईनं कोणाले सांगतलं नाही. मी जिन्यात तिले गाठून म्हणलं, ताई, माहं नाव सांगून टाक. ती म्हणे, “तुले विचारून मी गप्प बसली, हे माहंच चुकलं ना?” मामा, तिनं चार शिव्या देल्या असत्या तर मी रात्री झोपलो असतो.

रविवारी हॉल भरला. भैया देवयानीताईचं नाव घ्यासाठी उभे होणार, त्यायच्या आधी मीच उभा झालो. हातातली नाश्त्याची प्लेटही खाली ठेवायची राहून गेली. सगळं सांगतलं. कवटी माही नव्हती, ताईनं मले विचारलं होतं, मी शपथ खाऊन माही म्हणलं, तवाच तार उपटली असती तर निम्मे बायोडाटे वाचले असते. अन् मग मागून कोणीतरी हसलं. विनोदिनी वहिनी म्हणे, बस रे बावा, आज तरी मस्करी नको. कुसुमकाकूच्या डोळ्यात पाणी. म्हणे, पाहा कसं सोनं आहे, पोरीची नोकरी वाचवासाठी आळ आपल्या डोक्यावर घेऊन राहिलं. मी म्हणलं, काकू खरंच सांगून राहिलो. त्या म्हणे, हव बेटा, बस, किती चांगला आहेस. जेवढं मी खरं खरं म्हणून ओरडलो तेवढा मी मोठा होत गेलो.

पण एक झालं मामा. बाबाराव आजोबा उठले. त्यायच्या हातात काठी होती, ती त्यायनं खुर्चीले टेकवली. “हे पोट्टं, बी.कॉम.ले दोनदा आपटलेलं, दुसऱ्याची चूक पदरात घेऊन राहिलं,” ते म्हणे, “अन् मी माही स्वतःची घेत नाही. त्या पोरीनं एक दिवस मागतला होता. मी म्हणलं अवजाराले आराम पाहिजे. चोराले कुठं आराम होता?” आजोबा बसले तर भैयाले उभं राहाच लागलं. बापानं कबूल केल्यावर पोरानं कोणत्या तोंडानं गप्प बसायचं? त्यायनं सांगतलं की ती किती दिवसापासून मागत होती, मीच पुढं ढकललं. मग कुसुमकाकू उठल्या की शास्त्रीबुवाले अर्ध्या पाऱ्याचे फोन नंबर मीच देले, म्हणलं बाकीच्यायलेही पुण्य लागू दे. (त्याच्यावर थोडी बाचाबाची झाली, ती लिहीत नाही.) शेवटी राधिकाचे वडील बोलले. हळूच बोलले, पण सगळे ऐकत होते. म्हणे, जिनं आधी सांगतलं होतं तिलेच काढलं तर पुढच्या वेळी सांगन कोण?

म्हणून देवयानीताई राहिली. अन् आता असं ठरलं की तिनं तार उपटा म्हणलं की उपटायची, पूजा असो का पंगत असो. आजोबाही हव म्हणले. फक्त एवढं मागून घेतलं की उपटायच्या आधी तारेले हळदकुंकू लावू द्या. बाहेर चपला घालता घालता ताई मले म्हणे, “आज पहिल्यांदा खरं बोलला, अन् कोणालेच पटलं नाही. आता असा वाग की पटलं पाहिजे.” अन् शिक्षा देली, की सगळ्या घरी मीच एकेक फोन करायचा, माफी मागायची, अन् बुवापासून सावध करायचं. करून राहिलो. लोकं पहिले रागावतात, मग चहाले बोलावतात. साइट नवीन कुलूप लावून दिवाळीनंतर सुरू होईन असं ताई म्हणते, अन् ती म्हणते म्हणजे होईन.

तुमचा नुकताच सुधारलेला भाचा,
निरंजन

ता. क.: फोन करता करता यादीत (तिच्यात नाव, वय अन् नंबर, एवढंच असते) वर्ध्याचा एक नंबर आला. मले तोंडपाठ असलेला. मामा, तुम्ही? अन् बायोडाटा स्वतःच चढवला? मी फोन लावला नाही, म्हणून हे पत्र. शास्त्रीबुवाचा फोन आला तर उचलू नका, हे सांगायचं होतं, बाकी वरचं सगळं ओघात आलं. मामी गेल्यावर तुम्ही एकट्यानंच भाजीभाकर करता, मले तर आनंदच झाला. फक्त वय जरा पाहून घ्या. आई तुमची लहान बहीण आहे, अन् तुम्ही लिहिलेल्या हिशोबानं मी जन्मलो तवा ती पाचवीत होती.

आणखी एक ता. क.: देवयानीताईनं माह्याकडून शपथ घेतली आहे (या वेळी खरी) की कोणाचाही बायोडाटा उघडून पाहायचा नाही, अन् एका घरची गोष्ट दुसऱ्या घरी सांगायची नाही. मी पाळूनच राहिलो. पण बिलासपूरच्या सुनेत्राबाई म्हणून आहेत, शाळेत गाणं शिकवत होत्या, त्यायले माफीचा फोन केला तर त्या रागावल्याच नाही. उलटं मलेच विचारलं, वर्ध्याचे ते गृहस्थ आहेत, त्यायले तर काही त्रास झाला नाही ना? साइट बंद आहे म्हणून समजत नाही, म्हणे. आता मी काय करू? त्यायचा नंबर या कागदाच्या मागं पेन्सिलनं लिहिला आहे. उतरवून घेतला की खोडून टाका. पाया पडतो मामा, ताईले नाही, आईले नाही, सुनेत्राबाईलेही नाही, मी सांगतलं म्हणून कोणालेच, कोणालेच सांगू नका.