दाराची कडी

कुंभकोणम्, १२ ऑगस्ट १९५७

तीर्थस्वरूप दादा,
तुमच्या अंबूचा दुरून वाकून नमस्कार.

वहिनींचा गुडघा आता कसा आहे?

मला झोप लागते का, असं विचारलंत. प्रकृती ठीक आहे, दोन वेळा जेवते. झोप मात्र तुटक. हे पापनाशमच्या दुकानातून शेवटच्या गाडीनं यायचे, म्हणून मी दाराला कडी घालत नसे. ते गेल्यावरही घातली नाही.

परवा मासिकात वाचलं, की झोपेतही मेंदूचं काम चालू असतं. मनाला घोर असला की मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींतून एक रस रक्तात उतरतो आणि मेंदूला सावध ठेवतो. मला पटलं. माझा मेंदू अजून त्या गाडीची वाट पाहतो आहे. म्हणून काल मन घट्ट करून कडी घातली आणि उजाडेपर्यंत झोपले.

उठले तर कडी काढलेली. सासूबाई दारापाशी बसलेल्या. म्हणाल्या, "तो आला तर बाहेर उभा राहील की गं!"

दादा, त्यांना मासिकातलं काय सांगू? आज कडी घालणार नाही. अंथरूण त्यांच्याशेजारी घालीन. दाराकडे मी लक्ष ठेवते म्हटलं, तर त्या तरी झोपतील.

सगळ्यांनी जपून असावं.

तुमची,
अंबू