डिकीतली दोन पोती

१ डिसेंबर
धुके इतके दाट की शिनोलीनंतर रस्ता फक्त काचेपुढे हातभर उरला. पलीकडचे जग अजून कोणी लिहिलेलेच नव्हते. मी चालवत होते; शेजारी माझे वडील, अण्णा.
शाळेखालच्या चढावर गाडी पुन्हा अडली. हिरड्यांच्या सावलीत झऱ्याचे पाणी रस्त्यावरून वाहते, त्यात दहिवर. पुढची चाके जागीच फिरत राहिली. अण्णांनी उतरून ढकलले. पोहोचले तेव्हा प्रार्थना संपली होती. मुलांनी उशिरा आलेल्या आपल्या बाईंकडे न बघण्याचा किती प्रयत्न केला!
एस.टी. शाळा भरल्यावर येते. म्हणून अण्णांची अट: नाताळच्या सुट्टीपर्यंत हा चढ एकटीने चढायचा, नाहीतर शाळेतली नोकरी सोडून मंचरला मामांच्या आडतीवर बसायचे.

३ डिसेंबर
अण्णांनी आयुष्यभर पिकअपमधून मंचरला कांदा नेला. तिला जोर मागच्या चाकांचा (यापुढे मा. चा.). भरलेली असली की घाट सहज चढे. रिकामी परतताना ओल्या वळणावर शेपूट फिरवी. म्हणून परतीला दोन पोती मागे ठेवायचीच. आमच्याकडचे सगळे पिकअपवाले ठेवतात.
माझी छोटी गाडी पुढच्या चाकांनी (पु. चा.) ओढली जाते. तरी डिकीत बटाट्याची दोन पोती. रोज.
"वजन मागं असलं की गाडी भुई धरती."
मी मान डोलावली. अॅक्सिलरेटरवर पाय हलका ठेवायला शिकले पाहिजे.

५ डिसेंबर
सातवीला तरफ शिकवली. पट्टी, टेकू, भार. टेकूच्या एका बाजूला भार वाढला की दुसरे टोक उचलले जाते... आणि खडू हातातच राहिला. मा. चा.चा आस हा टेकू. पोती त्याच्या पलीकडे. म्हणजे उचलली जातात ती पु. चा., ज्यांनी गाडी ओढायची तीच! पाय नव्हे. पोती.
फळ्यावर नकळत दोन चाके काढली गेली होती.
"बाई, ही तुमची गाडी का?"
"हो. पुसा."

६ डिसेंबर
आईला सांगितले. "मला काय सांगती? त्यांना सांग. माझं ऐकून त्यांनी कवा गिअर बदललाय?"
जेवताना धीर केला.
"अण्णा, बटाटे पुढे ठेवून पाहू या का?"
"कुठं, इंजिनावर? उकडून नेती का शाळंत?"
आईला हसताना ठसका लागला. मीही हसले. वाक्य तिथेच विरले.

९ डिसेंबर
आज गाडी नुसती अडली नाही; ब्रेक दाबलेला असतानाही मागे घसरू लागली. सावकाश, झोपेत कूस बदलावी तशी. चाक गटाराच्या कडेला टेकून थांबली. गवताचा भारा डोक्यावर घेतलेल्या एक मावशी उभ्या राहिल्या.
"काय पावणं, गाडी रुसली व्हय?"
"पोरीचा पाय जड हाय," अण्णा म्हणाले.
आणि मी बोलले. आवाज माझाच होता, पण जरा लांबून आल्यासारखा. "पाय नाही, अण्णा. तुमची पोती. ही गाडी पुढून ओढते."
अण्णांनी डिकी उघडली.
"उतरव. उतारावर मागनं नाचली तर मला बोलू नको."
पोती मावशींच्या अंगणात ठेवली. गाडी दोनदा थरथरली आणि चढली! वर धुक्याच्या माथ्यावर ऊन होते. शाळा पाण्यात बुडालेल्या गावासारखी तळातून वर येत होती.

१० डिसेंबर
नाचली. परतताना वळणातच मी ब्रेक दाबला आणि हलकी झालेली शेपूट बाहेर गेली. अण्णा शांतपणे म्हणाले, "ब्रेक सोड. जायचंय तिकडं बघ." सावरली.
म्हणजे त्यांचेही खरे. चढताना मागचे वजन नको, उतरताना हवेसे वाटते. तरफेच्या धड्यात उतार नव्हता.
"ब्रेक वळणाच्या आधी. वळणात न्हाई."
"हो, अण्णा."
"आन पोती नकोत," हे त्यांनी खिडकीबाहेर बघत सांगितले.

२१ डिसेंबर
पोत्यांविना रोज चढते आहे. उद्या एकटीने जायचे, परवापासून सुट्टी. संध्याकाळी गाडीत नुसतीच बसून राहिले. समोर उसाच्या पट्टीवर धुके उतरत होते, कोणीतरी पांढरी चादर हळूहळू उलगडावी तसे. शेजारच्या रिकाम्या सीटकडे लक्ष गेले आणि मन दचकले. इतके दिवस तिथे अण्णा होते. त्यांचे वजनही पु. चा.ना थोडे धरून होते का? तेवढ्यानेच तर चढत नव्हते ना? हे गणित करून पाहवेना.
अण्णा फडक्याने काच पुसायला आले. आतली बाजूही पुसली. मग त्या सीटकडे बघत राहिले. त्यांनाही सुचले असावे.
"येऊ का उद्या? बोलायचा न्हाई. नुसता वजनाला."
अट त्यांचीच होती. आत्ता मी हो म्हटले तर ती कोण मोडेल, ते की मी?
ते अजून काच पुसत आहेत. काच कधीच स्वच्छ झाली आहे.