चावा न घेतलेली रोटी

नारीन, मंगळवार

आई, तुझ्या एर्मेकचा सलाम घे.

बाबांच्या जुन्या डिझेल पिकअपवर आता पत्र्याची खोली चढलीय. आतून लोकरीचा जाड नमदा ठोकलाय, झोपायला फळी आहे, शेगडीही बसवलीय. थंडीची काळजी करू नकोस. तुझा गुडघा कसा आहे?

लांबच्या प्रवासाला तीनदा निघालो, पण घाटापर्यंत जाऊन मागे फिरलो. दरवेळी वेल्डर तुराटकाकांना काहीतरी नवं जोडायला सांगतो. ते म्हणतात, "गाडी तयार आहे रे, तूच नाहीस."

बाबा निघताना रोटीचा चावा घ्यायचे आणि ते सुखरूप परतावेत म्हणून उरलेली तू ते येईपर्यंत खुंटीला टांगून ठेवायचीस. मी घाईत तसाच निघालो. आता घरी आलो, तर माझ्याच्याने पुन्हा निघवणार नाही.

तिकडून इकडे येणाऱ्या व्हॅनवाल्याबरोबर रोटी पाठव. चावून परत पाठवतो. मग टांग.

तुझा एर्मेक