माळावर सौमित्र गप्प झाला

आइंडहोवन, ५ सप्टेंबर २००५

ती. आईंना नमस्कार,

आम्ही दोघं सुखरूप घरी आलो आहोत, हे आधी सांगते. घडलं ते असं:

१. शनिवारी आम्ही इंग्लंडमध्ये यॉर्कशरच्या माळरानावर फिरायला गेलो.
२. दुपारी धुकं उतरलं.
३. सौमित्र बोलता बोलता गप्प झाला. डोळे उघडे होते, पण हाकेला ओ देईना. हात शर्टाचं बटण चाचपत राहिला.
४. थोड्या वेळाने म्हणाला, "अगं, थांबलीस का? चल की!" मधलं त्याला काहीच आठवत नव्हतं.

माळ सुंदर होता. गुडघाभर जांभळी फुलं होती, मेंढ्या होत्या. मी त्याची बाही धरून उभी होते आणि मदतीला बोलवायला कुणी नव्हतं.

लग्नात तुम्ही मला दोनदा बजावलं होतं, "माझ्या मुलाला जागरण करू देऊ नकोस गं." मी ती आईची माया समजले. शुक्रवारी रात्री इंग्लंडला जाताना बोटीवर तो अजिबात झोपला नव्हता.

त्याला विचारलं तर हसतो. "तंद्री लागली असेल," म्हणतो.

हे पूर्वी झालं आहे का? औषध चालू होतं का? लग्नाआधी का सांगितलं नाहीत, हे मी विचारणार नाही. तो रोज कालव्याच्या काठाने सायकलवर कामाला जातो. आज तो पोहोचल्याचा फोन येईपर्यंत मी जागची हलले नाही.

तुमचा गुडघा आता कसा आहे?

डॉक्टरांनी २२ तारीख दिली आहे. घरचा फोन तोच उचलतो, म्हणून पत्राच्या मागच्या बाजूला लिहिलेल्या माझ्या ऑफिसच्या नंबरवर बुधवार, २१ तारखेपर्यंत कळवा.

सुरुची