सक्ती कोणावर, माय?

प्रिय माय,

तुला जाऊन चौदा महिने झाले. एवढ्यात तुला कधी लिहावंसं वाटलं नाही. आज लिहून राहिले, कारण गुरुवारी जे पाहिलं ते दुसऱ्या कुणाला सांगवत नाही.

माझ्या चौथीच्या वर्गात प्रतीक्षा नावाची मुलगी आहे. भागाकार फळ्यावर पूर्ण उतरायच्या आत उत्तर सांगणारी. दिवाळीनंतर तिचे खाडे वाढले आणि गेला महिनाभर ती आलीच नाही. गुरुवारी शाळा सुटल्यावर मी तिच्या घरी गेले. दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "हळद शिजवायला गेलेत समदे. पोरगी बी तिकडंच."

शेतात हळद शिजवायचा मोठा कुकर चालू होता. वाफेत माणसं ओळखू येईनात. पलीकडे बाभळीखाली प्रतीक्षा बसलेली, मांडीवर तीन वर्षांचा भाऊ. त्याचा डावा पाय गुडघ्यापासून खाली फडक्यात गुंडाळलेला.

"काय झालं गं?"

"उकळतं पाणी सांडलं व्हतं बाई, त्याच्यात पाय टाकला यानं. मी पुस्तक वाचून राहिले व्हते. माझंच चुकलं."

माय, नऊ वर्षांची आहे ती. मी तिच्याशेजारी खाली बसले.

तू गेल्यापासून अंगणवाडीतली तुझी सेविकेची जागा भरलेली नाही. मदतनीस बाई येते, खिचडी वाटते, कुलूप लावून जाते. हे मी रोज बघत होते. मग लेकरं दिवसभर कुठं जातात, हे मला दिसलं काहून नाही?

तुझा तो अर्ज आठवतो? शाळेची सक्ती सहाव्या वर्षापासून आहे, ती तिसऱ्यापासून करा, असा. तो चांगल्या अक्षरात लिहून दे म्हणालीस, तर मी हसले. "माय, एवढ्याशा लेकरावर कसली सक्ती करतेस?"

भाकरी थापता थापता तू म्हणालीस, "सक्ती लेकरावर न्हाई गं. दार उघडं ठेवनाऱ्यावर. आन त्याला सांभाळनारी बहीण बी सुटंल."

मी लिहून दिला नाही. तूही पुन्हा विषय काढला नाहीस. का गप्प बसलीस? दोन शब्द सुनावायचे होतेस मला.

गुरुवारी संध्याकाळी मामाला फोन लावला, सगळं सांगितलं. तो म्हणाला, "ताईची शाळा माझ्यापायीच सुटली. दुसरीत व्हती. मला काखेला मारून फिरायची. सातवी केली ती लग्नानंतर, बाहेरून बसून."

चाळीस वर्षं तुझ्याजवळ राहून मला हे ठाऊक नव्हतं. तू आम्हाला सांगितलं का नाहीस? लाज वाटत होती, की आम्ही कधी विचारलंच नाही?

शुक्रवारी पुन्हा गेले. दोघांना पाठवा म्हणाले. प्रतीक्षाच्या वडिलांनी विचारलं, "लहान्याला सरकार घेतं का बाई?"

"सरकार नाही घेत. मी घेते."

आज सोमवार. दोघं आली. तो मागच्या चटईवर झोपला आणि प्रतीक्षानं महिनाभराच्या राहिलेल्या गणितांतली सात सोडवली. अधूनमधून वळून त्याच्याकडे बघायची. मुख्याध्यापक दारात येऊन म्हणाले, "बाई, त्याचं नाव पटावर नाही. उद्या काही झालं तर?"

मी म्हणाले, "सर, नाव पटावर नव्हतं म्हणूनच झालंय."

जाताना ते लहान्याच्या अंगावरचं ऊन टाळायला खिडकी तेवढी ओढून गेले.

पुढच्या आठवड्यात ग्रामसभा आहे. कायदा आपल्या गावात ठरत नाही, हे मला कळतं. तरी तुझी मागणी ठरावात लिहून घेतल्याशिवाय मी खाली बसणार नाही. कुणी विचारलं की हे कुणाच्या डोक्यातून आलं, तर सांगेन, दुसरीत शाळा सुटलेल्या एका मुलीच्या. आणि तुझं पूर्ण नाव घेईन.

तुझी,
सुनंदा