योसेफाचे उरलेले आख्यान

सातारा, १२ जून २०२५

चि. प्रियदर्शनीस मंगलआत्याचे आशीर्वाद.

तू मराठीत नापास झालीस म्हणून हे पत्र लिहावे लागत आहे. काल फोनवर रडलीस, मी ऐकून घेतले. आता फोन बंद. तू सांगलीत आहेस तोवर आपण कागदावर बोलू, मराठीत आणि शाईने.

रडणे बाजूला काढले तर हकीकत एवढीच उरते. यहुदी लोकांच्या अभ्यासात डॉक्टरेट करायची तर तुझ्या अमेरिकेतल्या विद्यापीठाला हिब्रू लागते, शिवाय यहुद्यांनी ज्यात लिहिले अशी आणखी एक भाषा. बाकीची मुले जर्मन घेतात. तू भांडून मराठी मंजूर करून घेतलीस. योग्य केलेस. कोकणातले बेने इस्राएल, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ज्यांना लोक शनिवार तेली म्हणत, त्यांनी आपल्या धर्मातल्या कथांवर मराठीत कीर्तने रचली. पण मंजुरी मिळाल्यावर बाईसाहेबांनी मराठीचे पान उलटले नाही. घरचीच भाषा, तिचा कसला अभ्यास! हिब्रूत पहिली आणि मराठीत नापास, असा पराक्रम आपल्या घराण्यात कोणी केला नव्हता. तुला इंग्रजी शाळेत घालू नको असे मी लालासाहेबाला बजावले होते. तेव्हा तुझा बाप मिशीवरून हात फिरवत होता.

सप्टेंबरात पुन्हा परीक्षा, आणि ती शेवटची. ती गेली तर शिष्यवृत्ती बंद आणि तू कायमची परत. शिवाय तुझ्यामागून कोणी मराठी मागितली तर त्याला दारातूनच वाटेला लावतील. मला हे जास्त लागते.

रेबेकाची प्रत मागितलीस. मिळणार नाही. रेबेका नागावकर आणि मी एका बाकावर बसून बी.ए. झालो. इस्राएलला कायमची जाताना तिने आजोबांच्या हातची योसेफाच्या कीर्तनाची प्रत माझ्या स्वाधीन केली, ती एका अटीवर. ज्याला मोठ्याने वाचून समोरच्याला गुंतवता येईल त्यालाच द्यायची. तुझा नंबर अजून लागलेला नाही.

लोभ आहेच, अभ्यासाने वाढेल.
मंगलआत्या


सांगली, १७ जून २०२५

ती. मंगलआत्यास प्रियदर्शनीचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचे पत्र दोनदा वाचले. दुसऱ्यांदा जरा कमी लागले.

आत्या, मला शब्द कळतात हो. विद्यापीठाच्या ग्रंथालयातून योसेफाच्या कीर्तनाची झेरॉक्स आणली आहे. मूळ छापील प्रतच अर्धी आहे, पुढची पाने गेलेली. वरच्या खोलीत दार लावून रोज वाचते. ओवी कुठे संपली, कोण कोणाशी बोलतोय, देव बोलतोय की भाऊ, काही उमगत नाही. परीक्षेत हेच झाले. बापाचे बोलणे मी मुलाच्या तोंडी घातले आणि सगळा अर्थ उलटा केला.

आबांना, म्हणजे तुमच्या लालासाहेबांना, मी नापास झाल्याचे सांगितलेले नाही. काल ते पारावर सगळ्यांना सांगत होते की आमची पोरगी अमेरिकेत मराठी घेऊन बसलीया, हाय का कुणाची छाती? मी तिथूनच माघारी फिरले. तुम्हीही सांगू नका, एवढी विनंती.

लोभ असू द्यावा, तपासताना तांबडी शाई जपून वापरावी.
प्रियदर्शनी


सातारा, २१ जून २०२५

चि. प्रियदर्शनीस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र तपासून सोबत परत पाठवले आहे. शाई जपून वापरण्यासारखे तू काही ठेवले नव्हतेस.

तुझे दुखणे कळले. दार लावून, तोंड मिटून कीर्तन कोणी वाचते का? ते उभ्याने, माणसांसमोर करायचे असते. ऐकणाऱ्याची मान हलली की चरण संपला असे समजावे. मान हलेनाशी झाली की तुलाच काही कळलेले नाही असे समजावे. दिवेलागणीला लालासाहेबाला समोर बसव आणि मोठ्याने वाच. त्याला भक्ती फारशी नाही, पण गोष्ट अर्धी राहिली की झोप लागत नाही. लहानपणापासून तसाच आहे.

मी त्याला सांगणार नाही. विमानात बसण्यापूर्वी तू सांगायचे. न सांगता गेलीस तर दुसऱ्या दिवशी मी सांगेन.

लोभ कायम, सूट नाही.
मंगलआत्या


सांगली, ९ जुलै २०२५

ती. मंगलआत्यास शि. सा. नमस्कार.

पहिल्या दिवशी आबा पेपर तोंडापुढे धरून बसले. यहुद्यांचं कीर्तन ऐकून मला काय करायचंय, म्हणाले. भावांनी योसेफाला कोरड्या विहिरीत टाकले तेव्हा पेपर खाली आला. सख्ख्या भावाला ढकलत्यात म्हंजे, ही तर आपल्याच भावकीची गोष्ट हाय, असे म्हणून त्यांनी तोच भाग परत वाचायला लावला. मग म्हणाले, हीर कोरडी म्हंजे गाव माणातलं असणार. आई दहिवडीची, त्याच दुष्काळी माणातली. तिने आतून कळवले की आवं, माणातल्या हिरी कोरड्या असत्याल, पण भावाला त्यात कुणी टाकत न्हाई, त्यो धंदा तुमच्या सांगलीच्या ऊसवाल्यांचा. त्या संध्याकाळी पुढे वाचन झाले नाही.

पण आत्या, तुमचे खरे आहे. आबा मध्येच हटकतात, की हे कोण बोललं, बाप का पोरगा? आणि अडखळायला मलाही नेमके तिथेच होते. मग मागे जाऊन, चालीवर म्हणून बघते. गद्याला सूर बसत नाही, ओवीला बसतो. आता हटकण्याआधीच माझे मला कळू लागले आहे.

लोभ वाढत असावा, असे शाईवरून वाटते.
प्रियदर्शनी


सांगली, २४ ऑगस्ट २०२५

ती. मंगलआत्यास शि. सा. नमस्कार.

उद्या निघते. आज आबांना सांगितले.

विहिरीतून काढून विकलेला योसेफ मिसरात, म्हणजे इजिप्तात, मोठा कारभारी झाला, दुष्काळात तेच भाऊ त्याच्यापुढे धान्य मागायला उभे राहिले, त्याने ओळखले आणि तोंड फिरवले. तिथे झेरॉक्स संपते. फुडं काय, म्हणून आबा माझ्याकडे बघत राहिले. मी म्हटले, आबा, पुढचे माझ्याकडे नाही, आणि उन्हाळ्यात मी मराठीत नापास झाले आहे.  ते इतके हसले की शेजारच्या रंगुबाई काय झालं म्हणून बघायला आल्या. मराठीत व्हय? आधी सांगायचं न्हाईस? रोज दोनदा बसलो असतो की, म्हणाले.

मग जरा वेळाने डोळे पुसून त्यांनी विचारले की योसेफाने भावांना माफ केले का. मी हिब्रूत वाचलेले सांगू लागले तर नको म्हणाले. चालीवर पाहिजे.

आशीर्वाद असावा. या वेळी लोभापेक्षा तोच हवा आहे.
प्रियदर्शनी


अमेरिका, ६ ऑक्टोबर २०२५

ती. मंगलआत्यास शि. सा. नमस्कार.

पास झाले! परीक्षेला दुसरेच कीर्तन होते. मी पुटपुटत, मांडीवर ताल धरत वाचत होते, म्हणून पर्यवेक्षिकेने दोनदा दटावले. तिसऱ्यांदा लांब जाऊन बसली.

विभागाच्या नियमांत आता जर्मनच्या खाली मराठी छापली आहे. नव्या तुकडीतल्या एका मुलाने विचारलेसुद्धा, की सोपी असते का. मी त्याला तुमचा पत्ता देऊ का?

लोभ आहे, हे आता मलाही ठाऊक आहे.
प्रियदर्शनी


सातारा, २ नोव्हेंबर २०२५

चि. प्रियदर्शनीस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचले. चुका तीन. दटावले त्या बाईचे बरोबर होते.

पास झालीस हे तुझ्या विद्यापीठाचे मत. माझी अट निराळी होती आणि तिचा निकाल माझ्या लेखी ऑगस्टमध्येच लागला. लालासाहेबासारख्या माणसाला तू गोष्टीसाठी अडवून ठेवलेस, यापेक्षा जास्त रेबेकाने मागितले नसते. तिला तसे कळवले आहे. त्या मुलाला पत्ता दे. शाई पुरेशी आहे.

काल लालासाहेब एस.टी.ने आला. तुझ्याकडून कळले होते म्हणे, चहाआधीच प्रत मागितली. तुझ्या वतीने त्याच्या हवाली केले ते असे:

१. रेबेका नागावकर हिच्या आजोबांच्या हातची योसेफाच्या कीर्तनाची प्रत, उत्तरार्धासह, पिवळ्या फडक्यात बांधलेली.
२. पहिले सोडून तुझी सगळी पत्रे, तपासलेली.
३. तांबड्या शाईची एक बाटली, न उघडलेली.

देणार: मंगल. घेणार: लालासाहेब, सही केली आहे. घेणाऱ्याचे तोंडी म्हणणे असे की पोरगी येऊन फुडचं वाचून दाखवीपर्यंत गाठोडं सांगलीतनं हालणार न्हाई. परवानगी दिली.